चार संस्था, एक खोली: वस्तीतली अभ्यासिका मिळून कशी चालवावी

संयुक्त अभ्यासिकेबद्दल जे सल्ले मिळतात, ते बहुतेक पहिल्या बैठकीपाशीच संपतात. समविचारी लोक जमवा, समिती नेमा, उद्घाटन करा. समविचारी लोकांची नाशिकमध्ये कधीच वाण नव्हती. सिडकोतल्या कुठल्याही चौकात उभं राहा, हाकेच्या अंतरावर गणेश मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, दोन-तीन बचत गट आणि नशीब असेल तर एखादं वाचनालयही सापडतं. खरी अडचण तिसऱ्या महिन्यात येते. संध्याकाळी साडेसहाला मुलं दप्तरं घेऊन पायरीवर बसलेली आणि किल्ली ज्याच्याकडे तो अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत. पुढचं सगळं त्या तिसऱ्या महिन्यासाठी आहे.

कोणाकडून काय घ्यायचं

एका संस्थेकडून एकच गोष्ट घ्या. मंडळाकडून जागा, वाचनालयाकडून पुस्तकं, ज्येष्ठ संघाकडून रोज येऊन बसणारी माणसं, बचत गटाकडून घरोघरचा संपर्क, आणि या चार संस्थांखेरीज जवळच्या कॉलेजच्या एनएसएसकडून (राष्ट्रीय सेवा योजनेकडून) शिकवणारी पोरं. पाचाच्या पुढे जाऊ नका. दोन संस्था एकच गोष्ट द्यायला निघाल्या, तर एकीला दुसरं काम द्या. नाहीतर दोघीही एकमेकींची वाट बघत बसतात.

वाचनालयाशी बोलताना एक लक्षात ठेवा. अनुदान घेणारं सार्वजनिक वाचनालय १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गात बसलेलं असतं. त्याची तपासणी होते आणि प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुस्तक हरवलं की उत्तर ग्रंथपालाला द्यावं लागतं. म्हणून 'पन्नास पुस्तकं देऊन टाका' म्हटलं की तो कंजूषपणा करतो असं वाटतं. 'पंचवीस पुस्तकं, दाखल क्रमांकासह यादी, दोन महिन्यांनी मोजून परत' असं म्हणा, तोच माणूस कपाट उघडून देईल. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या २००९ साली नाशिकमध्येच सुरू झालेल्या योजनेचा पायाही हाच आहे. ग्रंथपेटी एका गटाकडे, ठरलेल्या काळाने ती पुढच्या गटाकडे. मोजून दिलेलं परत येतं.

जागा बघताना फार विचार नको. १२ बाय २० फुटांच्या खोलीत बैठ्या डेस्कवर वीस-बावीस मुलं बसतात. तीस बसवली की मागची दहा फक्त बसलेली असतात.

कागद बघणं

संस्था नोंदणीकृत आहे, एवढं ऐकून थांबू नका. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला परिशिष्ट-१चा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा मागा आणि त्यावरची नावं वाचा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो राहून गेलेल्या संस्था ढिगाने सापडतात. तुमच्यासमोर सही करणारे अध्यक्ष कागदोपत्री अध्यक्षच नसतात आणि नोंदीवर दहा वर्षांपूर्वीची मंडळी असतात, त्यांतली काही हयातही नसतात. फेरफार बाकी आहे म्हणून कोणाला वगळू नका. पैसा मात्र त्या संस्थेत ठेवू नका. काही गणेश मंडळं तर दर वर्षी उत्सवापुरतीच वर्गणीची परवानगी घेतात, त्यांची कायम नोंदणी नसते. त्यांची खोली चालेल, खातं चालणार नाही.

महापालिकेचं समाजमंदिर असेल तर ते कोणाला, किती मुदतीसाठी दिलं आहे तो करार प्रत्यक्ष डोळ्यांनी बघा. 'आमच्याकडेच आहे' हे तोंडी वाक्य मुदत संपलेल्या करारावरही तितक्याच ठामपणे म्हटलं जातं.

ठराव आणि एक पानी टिपण

इथेच बहुतेक अभ्यासिका घसरतात, म्हणून इथे वेळ घाला. महिना गेला तरी चालेल.

पाचशेच्या स्टॅम्पवर करार करून घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. स्टॅम्पपेपरने काही बिघडत नाही, पण त्याने अभ्यासिका टिकतही नाही. स्टॅम्पवर सही एका माणसाची असते. मंडळाची कार्यकारिणी बदलली की नवा अध्यक्ष म्हणतो, 'ते त्यांनी केलं होतं, आम्हाला माहीत नाही.' कामाला येतो तो ठराव: प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या बैठकीत झालेला, इतिवृत्तात क्रमांक आणि तारखेसह लिहिलेला, सूचक-अनुमोदकाच्या नावांचा. अभ्यासिकेच्या नियमांचं टिपण एकच, एका पानाचं, आणि प्रत्येक ठरावात 'सोबतचे टिपण मान्य' हे शब्द. चारही ठरावांच्या झेरॉक्स एका फायलीत येईपर्यंत उद्घाटनाची तारीख काढू नका. आधी तारीख काढली की पत्रिका छापली जाते आणि ठराव 'होईल हो' वर राहतो.

टिपणात उद्दिष्टं लिहू नका. 'सर्वांगीण विकास' वर कोणीच भांडत नाही. भांडण ज्यावर होतं ते लिहा.

पहिली गोष्ट, किल्ली. कुलूप एक, किल्ल्या तीन, आणि त्या संस्थेच्या नावाने नव्हे, माणसाच्या नावाने. 'किल्ली मंडळाकडे' म्हणजे किल्ली कोणाकडेच नाही. तिघांपैकी निदान एक निवृत्त माणूस त्याच गल्लीतला हवा. अंबड-सातपूरला पाळीत काम करणाऱ्याकडे किल्ली देऊ नका. माणूस कितीही भला असला तरी आठवड्याने पाळी बदलते आणि त्याची संध्याकाळ जाते. जो उघडेल तोच बंद करेल, आणि दाराआड टांगलेल्या वहीत लिहील. नोंद एवढीच पुरते: 'सोम. उघडले ६.२०, बंद ८.४०, पंखे-दिवे बंद, मीटर ४१२.६, सही.' दोन ओळी लिहायला कंटाळा येतो, खरं आहे. पण 'काल रात्री दार उघडंच होतं' असं कोणी म्हटलं की त्याच दोन ओळी अभ्यासिका वाचवतात.

मग वीज. बिल मंडळाच्या नावावर येतं आणि कुजबुज सुरू होते. आकडा आधीच मांडा. २० वॉटच्या चार ट्यूब आणि ७५ वॉटचे दोन पंखे मिळून २३० वॉट. रोज संध्याकाळी अडीच तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे साधारण १५ युनिट. सब-मीटर बसवा, दर एक तारखेला आकडा लिहा आणि महावितरणच्या बिलात त्या महिन्याला पडलेल्या दराने पैसे द्या. बिल घरगुती दराचं आहे की व्यावसायिक, तेही बघून घ्या. फुकट वीज घेऊ नका. मंडळ आग्रह करेल, तरी नको. फुकट घेतलेल्या पंधरा युनिटांचे पुढे पंधराशे टोमणे होतात.

जागेच्या हक्काचं वाक्य न विसरता घाला. मंडळाच्या जुन्या लोकांच्या मनात एकच भीती असते: आज अभ्यासिका, उद्या खोलीच गेली. ते बोलून दाखवत नाहीत, नुसते बैठकीला येत नाहीत. टिपणात लिहा: 'ही केवळ वापराची परवानगी आहे, जागेवर अभ्यासिकेचा वा अन्य संस्थांचा कोणताही हक्क निर्माण होत नाही.' हे वाक्य तुमच्याकडून, त्यांनी मागण्याआधी आलं पाहिजे.

त्याच पानावर उत्सवाचे दिवसही. गणपतीआधी पंधरा दिवस आणि विसर्जनानंतर पाच दिवस खोली मंडळाची: त्यात ढोल असतील, मांडवाचं सामान असेल. नेमकी तेव्हाच मुलांची चाचणी असते. म्हणून पर्यायी जागा, ज्येष्ठ संघाचं विरंगुळा केंद्र किंवा एखाद्या सोसायटीचा हॉल, नावासकट लिहा. पंचवटी-तपोवनाच्या बाजूला असाल तर २०२७च्या सिंहस्थाचे पर्वणीचे दिवसही आत्ताच वेगळे काढा. त्या दिवसांत रस्तेच तुमचे नसतील.

आणि मग फलक. हसू येईल, पण संस्था पैशावरून जेवढ्या फुटत नाहीत तेवढ्या फलकावरून फुटतात. अभ्यासिकेला गल्लीचं किंवा चौकाचं नाव द्या. संस्थेचं नको, व्यक्तीचं तर मुळीच नको, दिवंगत असली तरी. फलक ३ बाय २ फुटांचा, संस्थांची नावं अकारविल्हे, अक्षरांची उंची सारखी. रंगाऱ्याला हे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं की ज्याने पैसे दिले त्याचं नाव मोठं होतं. वह्या-दप्तरांवर नगरसेवकाचा किंवा इच्छुकाचा फोटो घेऊ नका. आचारसंहिता लागली की तेच सामान झाकत बसावं लागतं, आणि विरोधी गटाची मुलं तोवर यायची थांबलेली असतात. वर्तमानपत्राला फोटो एकाच माणसाने पाठवायचा, चारही नावांसह.

शेवटचं कलम बाहेर पडण्याचं. कोणतीही संस्था दोन महिन्यांची लेखी सूचना देऊन बाहेर पडू शकते. जाताना आपण आणलेल्या वस्तू नेईल, बाकीच्या ठेवील. त्यासाठी पहिल्या दिवशीच वस्तूंची यादी करा. डेस्क बावीस, त्यांतले बारा कोणाचे, दहा कोणाचे, खाली पेंटने खूण. हे कलम अशुभ वाटतं म्हणून गाळतात. पण जायचा दरवाजा दिसत असला की माणूस निवांत बसतो.

पैसा

नवा ट्रस्ट काढू नका आणि संयुक्त खात्याच्या मागेही लागू नका. नोंदणी आणि पॅन नसलेल्या चार संस्थांच्या मेळाला बँक सहसा खातं देत नाही. ज्या संस्थेचं ऑडिट वेळेवर होतं, तिच्याच खात्यात 'अभ्यासिका निधी' असं वेगळं खातेपान उघडा, पावती तिचीच, आणि दर महिन्याला त्या पानाची प्रत भिंतीवर. देणगी ऑनलाइन किंवा चेकने घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याचा उत्साह जरा आवरा. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे असतील तर हरकत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परदेशी देणगी ठरते आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही, मग तो मूळचा नाशिकच्या कॉलेज रोडचा का असेना.

शिकवणारी पोरं

एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात, पण ते सगळे तुमचे नाहीत. वृक्षारोपण, रक्तदान, रॅली यांतही ते जातात. एकेकाकडून ४० तास मागा: आठवड्याला दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, दहा आठवडे. रोज दोन जण आणि सहा दिवस म्हणजे बारा पाळ्या, त्यांना सहा मुलं लागतात. तुम्ही नऊ घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा आणि डिसेंबर-जानेवारीतलं सात दिवसांचं शिबिर आलं की नवाचे चार होतात, आणि त्या दिवसांत ज्येष्ठ संघाने वर्ग नुसता बसवून ठेवायचा, शिकवायचा आग्रह नको. पत्र जुलैमध्येच कार्यक्रम अधिकाऱ्यामार्फत प्राचार्यांना द्या. तासांचा तक्ता दर आठवड्याला सही करून द्या. वर्षअखेरीस एकदम सही मागणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना दोघांनाही हात जोडा.

वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, आणि येणाऱ्या प्रत्येक प्रौढाची ओळखपत्राची प्रत फायलीत. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवणं २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 'संस्थेचं नाव जाईल, आपसात मिटवू' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

मुलांचे गट इयत्तेने पाडू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठपर्यंत वाचता येतं त्यावरून पाडा.

मोठ्यांसाठी दुपारी दोन ते चार. अक्षरओळख नसलेल्या पंधरा वर्षांवरच्यांची 'उल्लास' या सरकारी साक्षरता कार्यक्रमात जवळच्या शाळेमार्फत नोंद होते. दहावी-बारावी सुटलेल्यांना बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याच्या तारखा बोर्डाच्या संकेतस्थळावर पावसाळ्यातच बघा; दिवाळीनंतर जाग आली तर बहुधा ते वर्ष गेलेलं असतं. दुपारी येणाऱ्या बायकांची लहान मुलं सोबत येणारच. त्यांच्यासाठी कोपऱ्यात चटई आणि पाटी-खडू नसेल, तर तिसऱ्या दिवशी आयाही येत नाहीत.

महिन्याची बैठक

पहिला रविवार, संध्याकाळी पाच, चाळीस मिनिटं. मंडळाची मुलं रात्री अकराची वेळ सुचवतात. त्या वेळेला बचत गटाच्या बायका येऊ शकत नाहीत, मग ज्यांच्या जिवावर मुलं येतात त्यांच्याविना निर्णय होतात. समोर तीनच आकडे ठेवा: सरासरी हजेरी, बंद राहिलेले दिवस, निधीची शिल्लक. बंद राहिलेला प्रत्येक दिवस कोणामुळे, ते किल्लीच्या वहीत असतंच. मोठ्याने वाचा आणि पुढच्या विषयाकडे जा. चहा बाहेरून मागवा. बचत गटाच्या बायका बैठकीला येतात, चहा करायला नाही.