मुलांसोबत किराणा, मधला खाऊ आणि जेवण: रोजची ओढाताण कशी कमी करावी

मुलाने ताट बाजूला सारलं की आपण ताटातच चूक शोधतो. भाजी जास्त शिजली का, मीठ कमी पडलं का, काल तर हेच आवडीने खाल्लं होतं! पण दोन तास आधी पोटात काय गेलं आणि या आठवड्यात घरात काय आणून ठेवलं, यावर निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. म्हणून सुरुवात दुकानाच्या यादीपासून करू आणि ताटापर्यंत नंतर येऊ. इथे साधारण दोन ते दहा वर्षांची, तब्येतीने ठीकठाक असलेली मुलं डोळ्यांसमोर आहेत. ॲलर्जी असेल किंवा वजन वाढत नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

१. यादी करा, आणि तिच्यात एक ओळ मोकळी सोडा

आधी फ्रीज आणि डबे उघडून बघा. घरात आहे तेच पुन्हा आणण्यात बराच पैसा जातो. मग आठवड्यातली चार-पाच जेवणं ठरवा. सातच्या सात ठरवायच्या फंदात पडू नका. एखाद्या दिवशी उरलंसुरलं संपवायचं असतं आणि एखाद्या दिवशी स्वयंपाकाचा कंटाळा येतो.

मुलांना विचारायचं, पण मोकाट नाही. ‘आज काय खाणार?’ असं विचारलं तर जे उत्तर येईल ते नाकारायची वेळ आपल्यावरच येते. ‘बटाटा करू की फ्लॉवर?’ हा प्रश्न सोपा, कारण दोन्ही उत्तरं आपल्याला चालणारी असतात. वाचता न येणाऱ्या मुलाला यादी चित्रांची काढू द्या. टोमॅटो आणि सफरचंद सारखेच दिसले तरी काढणाऱ्याला ते बरोबर ओळखू येतात.

यादीच्या शेवटी एक ओळ कोरी ठेवा. ती मुलाची. तिथे काय लिहायचं हे दुकानात गेल्यावर तो ठरवेल, फक्त कुंपण आपण आधी घालायचं: ‘फळांमधलं कुठलंही एक’, किंवा कधीतरी ‘बिस्किटांमधला एक पुडा’. बाकी यादीत नाही ते घ्यायचं नाही, आणि हा नियम मोठ्यांनाही लागू. आपणच जाता जाता वेफर्सचं पाकीट ट्रॉलीत टाकलं तर पुढच्या वादात आपली बाजू लंगडी पडते.

२. पोट भरलेलं असताना निघा

भुकेलं, झोपेला आलेलं मूल आणि गर्दीची वेळ हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. निघण्यापूर्वी थोडं खायला द्या, बाथरूमला नेऊन आणा. लहान मुलाचा धीर अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. महिन्याची मोठी खरेदी एकट्याने उरकावी आणि मुलाला आठवड्याच्या छोट्या फेरीला न्यावं, हे मला जास्त पटतं.

३. दुकानात मुलाला खरं काम द्या

दुकानाची मांडणी आपल्या सोयीसाठी केलेली नसते. दूध, अंडी, पाव अशा रोजच्या वस्तू बऱ्याच ठिकाणी पार आतल्या टोकाला असतात, म्हणजे तिथपर्यंत जाताना बाकीचं सगळं नजरेखालून जातं. रंगीत खोके खालच्या फळीवर, बरोबर मुलाच्या डोळ्यांसमोर. चॉकलेटं बिलाच्या रांगेशी, जिथे थांबण्यावाचून इलाज नाही. हात रिकामे असलेलं मूल या सगळ्याकडे ओढलं जाणारच.

म्हणून हाताला काम हवं. तीन वर्षांच्या मुलाला सांगा, ‘पाच टोमॅटो, दाबून बघ, घट्ट असतील तेच पिशवीत टाक.’ सहा-सात वर्षांचं मूल वजन करून आणेल, यादीवर खुणा करेल. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन पाकिटं देऊन विचारा, शंभर ग्रॅमला कुठलं स्वस्त पडतं? मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं, हे त्याला स्वतः शोधून काढू द्या. अगदी लहान मूल ट्रॉलीच्या बैठकीत पट्टा लावूनच बसवा. ट्रॉलीत उभं राहू देऊ नका, तिथून पडलं की मार बहुधा डोक्यालाच लागतो.

पाकीट वाचायला शिकवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कामाचं. प्रसंग साधारण असा घडतो:

‘आई, हे घेऊ या ना. ह्याच्यात स्ट्रॉबेरी आहे!’

‘चित्रात आहे. आत आहे का ते मागे बघू. पहिलं नाव काय लिहिलंय?’

‘मका. मग... साखर.’

‘आणि स्ट्रॉबेरी?’

बोट खाली खाली सरकत जातं आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर ‘स्ट्रॉबेरी स्वाद’ सापडतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. एवढं कळलं की वाचता येणारं मूल स्वतःच हेरगिरी सुरू करतं. साखर मात्र वेष पालटून येते: ग्लुकोज सिरप, माल्टोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचा अर्क. तीन-चार नावांत विभागली की ती यादीत खाली सरकते, म्हणून आकडाही बघावा. ‘एका वाढणीत’ या रकान्याकडे दुर्लक्ष करून ‘१०० ग्रॅममध्ये’ हा रकाना वाचा, कारण वाढणी केवढी ते बहुधा कंपनीच ठरवते. एक चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. शंभर ग्रॅममध्ये ३० ग्रॅम साखर असलेल्या, कॉर्नफ्लेक्ससारख्या न्याहारीच्या खोक्यातून मुलाने ४० ग्रॅमचा वाडगा खाल्ला, तर १२ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पोटात गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर, तसंच मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, नऊ चमचे. त्यातले तीन सकाळच्या वाडग्यातच संपले.

आता हट्टाबद्दल. मूल फरशीवर आडवं झालं की आजूबाजूच्यांच्या नजरा टोचतात, आणि आपण मान तुकवतो ती बहुधा त्या नजरांपायीच. ‘नाही’ म्हणायचं असेल तर एकदा, हळू आवाजात आणि कारणासह म्हणा: ‘आज यादीत नाही. तुझी ओळ बाकी आहे, तिथे काय घ्यायचं ते ठरव.’ त्यानंतर वाद घालू नका. दहा मिनिटांच्या रडण्यानंतर ‘हो’ म्हटलं तर दहा मिनिटं रडावं लागतं एवढंच मूल शिकतं, आणि पुढच्या खेपेला ते तेवढी तयारी करून येतं. द्यायचंच असेल तर पहिल्या मिनिटाला द्या. रडणं फार वाढलं तर ट्रॉली तिथल्या कर्मचाऱ्याच्या नजरेखाली ठेवून पाच मिनिटं बाहेर जाऊन या. सामान कुठे पळत नाही.

थंड आणि गोठवलेल्या वस्तू सगळ्यांत शेवटी घ्या, कच्चं मांस-मासे वेगळ्या पिशवीत. रांगेत मुलाला सामान काउंटरवर लावू द्या, जड आधी आणि नाजूक नंतर. ते करताना बाजूच्या चॉकलेटांकडे थोडं कमी लक्ष जातं. अगदीच जात नाही, असं म्हणता येणार नाही.

४. घरी आल्यावर

थंड वस्तू आधी आत. फ्रीजचं तापमान ५ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी, फ्रीझर उणे १८. धुतलेली फळं आणि दही मुलाचा हात पोचेल त्या फळीवर ठेवा. बिस्किटं वरच्या कप्प्यात, आतलं दिसणार नाही अशा डब्यात. कुलूपबंद मात्र नको. ज्या खाण्यावर कडक बंदी घालावी त्याचीच मुलांना जास्त ओढ लागते, हे संशोधनातही दिसून आलं आहे.

५. मधल्या खाऊला वेळ ठरवून द्या

माझ्या मते घरोघरीच्या जेवणाच्या तक्रारींतला सर्वांत मोठा वाटा दिवसभर चालणाऱ्या चरण्याचा असतो. दोन बिस्किटं, थोडा ज्यूस, मूठभर वेफर्स, मग दूध. यातलं एकेक किरकोळ वाटतं, पण जेवायच्या वेळी भूक मेलेली असते. शिवाय दातांचं गणित वेगळंच आहे. गोड तोंडात गेलं की तिथले जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात. एकूण साखर तेवढीच असली तरी ती दिवसभर थोडी थोडी खाल्ली, तर दातांना उसंतच मिळत नाही.

मुलांचं पोट लहान, त्यामुळे मधलं खाणं लागतंच. तीन जेवणं आणि दोन खाऊ, मध्ये अडीच-तीन तासांचं अंतर आणि त्या अंतरात फक्त पाणी, ही घडी बहुतेक घरांत बसते. घड्याळ अगदी मिनिटावर पाळायची गरज नाही.

खाऊ म्हणजे छोटं जेवण असं समजा: एक फळ किंवा भाजी, आणि सोबत पोटाला आधार देणारं काहीतरी. केळं आणि दही, सफरचंद आणि चीज, काकडी आणि उकडलेलं अंडं, उकडलेले हरभरे. ज्यूसऐवजी फळच बरं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली स्पष्टच सांगितलं, एक वर्षाच्या आत ज्यूस अजिबात नको आणि एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला फार तर १२० मिलिलिटर. दूधही बेताने. लहान मुलाने दिवसाला अर्ध्या लिटरहून बरंच जास्त दूध प्यायलं तर जेवणाला जागा उरत नाही आणि लोह कमी पडण्याचा धोका असतो.

घशात अडकण्याची काळजी आपण घ्यायची. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे-बदाम देऊ नका, त्यांचं कूट किंवा पीनट बटरसारखं मऊ वाटण चालेल. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून द्या. कच्चं गाजर किसून, नाहीतर वाफवून. पॉपकॉर्न लहानांना नकोच. खाताना बसलेलं असावं, पळताना काही तोंडात नसावं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि जेवणाला अर्धा तास असताना ‘भूक लागली’ आलंच, तर जेवणाचाच एक भाग पुढे सरकवा. काकडी-टोमॅटोच्या फोडींची ताटली टेबलावर ठेवा आणि काही बोलू नका. एरवी नाक मुरडणारं मूलही भुकेच्या भरात त्या फस्त करतं.

६. ताटापाशी आपलं काम आणि मुलाचं काम

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी कामाची सोपी वाटणी करून दिली आहे. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं आहे, पाळताना मात्र आपलीच जीभ आवरत नाही.

जेवण सगळ्यांना एकच असू द्या. त्यात मुलाला हमखास चालणारी एक तरी गोष्ट ठेवा, साधा भात किंवा पाव असला तरी पुरे. नवीन पदार्थ चमचाभरच वाढा. दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी खाण्याची भीती वाटणं स्वाभाविक आहे. ते अंगवळणी पडायला आठ ते पंधरा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावं लागतं. आपण मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘याला वांगं आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो, तेही त्याच्यासमोर. बघणं, वास घेणं, जिभेला लावून थुंकणं हीसुद्धा प्रगतीच समजा.

‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदा टाळा. त्यातून भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस ठरतं. गोड असेल तर सगळ्यांना सारखं, छोटंसं, जेवणासोबतच वाढून टाका.

टीव्ही आणि फोन बंद, आपलेही. वीस-तीस मिनिटांनी ताटं उचला. मूल न जेवता उठलं तर दुसरा पदार्थ करायला गॅस पेटवू नका आणि रागावूही नका. पुढचा खाऊ ठरल्या वेळी येईलच. एखाद्या दिवशीचं कमी-जास्त खाणं निरोगी मूल आठवडाभरात भरून काढतं. मात्र वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा खाण्याचे गटच्या गट बंद होत असतील, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

७. उरलेलं

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावं. भाताच्या बाबतीत अधिक घाई करा. पसरट भांड्यात काढून तो तासाभरात गार करून आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवायचं काम मुलाकडे द्या. गरम करताना वाफ येईपर्यंत करा आणि एकदाच. दुसऱ्यांदाही उरलं तर ते टाकून द्या.