जुन्या मॅन्युअल गाडीचं इंजिन उसळतं, पिकअप गेलाय: पार्ट बदलण्याआधी काय तपासाल?

पाय स्थिर असताना इंजिन कधी उसळी घेतं, कधी मरगळतं, आणि चढावर गाडी ओढत नाही. यावर ठरलेला सल्ला मिळतो: प्लग बदला, नाहीतर कॉइल, नाहीतर पंप. अशा अंदाजपंचे खरेदीत पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं. इथे इंजेक्शनवाली पेट्रोल गाडी धरली आहे.

आधी क्लच. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा झपकन चढला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. मग इंजिन उघडण्याचं कारणच नाही.

एअर फिल्टर, प्लग आणि बॅटरीची टर्मिनलं पाहून घ्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. तसंच चालवत राहिलात तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) जळेल. चावी चालू, इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू दाबा आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) थ्रॉटलचा आकडा बघा. तो मध्येच खाली उडी मारत असेल तर सेन्सर झिजलाय.

आता खरी गोम. इंजिनाला हवा जास्त मिळतेय की पेट्रोल कमी पडतंय? दोन्हींत स्कॅनरवर बिघाडाचा कोड एकच येऊ शकतो, ‘मिश्रण पातळ’ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि बहुतेक लोक तिथेच ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात. तो बिचारा फक्त निरोप्या असतो. मीही या टप्प्यावर बराच काळ चाचपडलो, कारण सगळे कोड वाचायला सांगतात, फ्युएल ट्रिम वाचायला कोणी सांगत नाही.

ट्रिम म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. स्कॅनरवर शॉर्ट (या क्षणाची) आणि लाँग (साठत आलेली) अशा दोन ट्रिम दिसतात, त्यांची बेरीज करा. शून्याच्या आसपास पाचेक टक्के चालतात. अधिक १० च्या वर गेली की कान टवकारा. इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलला वाचा, मग २५०० आरपीएमला. आयडलला जास्त आणि २५०० ला उतरली, तर कुठेतरी व्हॅक्यूमची गळती आहे, म्हणजे न मोजलेली हवा आत शिरतेय: तडकलेला पाइप, इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. गळती तेवढीच राहते, पण आत येणारी एकूण हवा वाढली की तिचा वाटा घटतो. मात्र एअरफ्लो सेन्सरऐवजी (तो आत येणारी हवा मोजतो) मॅप सेन्सर (तो इनटेकमधला दाब मोजतो) असलेल्या गाडीत ट्रिम फारशी हलत नाही, नुसतं आयडल चढतं. गळती शोधायला गरम इंजिनावर क्लीनरचे फवारे मारू नका, पेट घेईल. धुराची चाचणी करून घ्या.

उलट आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम चढत गेली, तर एअरफ्लो सेन्सर मळलाय किंवा पेट्रोल पुरत नाहीये. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ट्रिम बाजूला ठेवतो, म्हणून तिथे ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट बघा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरवर ते ०.८ च्या वर हवेत. ०.२ कडे घसरले तर इंजिन उपाशी आहे. आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे. तुमची नजर रस्त्यावर.

मग फ्युएल प्रेशर, तेही लोडवर. आयडलला गेज लावून ‘पंप ओके’ म्हणणाऱ्या मेकॅनिकवर माझा विश्वास नाही. आयडलला पेट्रोल लागतंच किती? थकलेला पंपही तेवढं देतो. दाब किती हवा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. गेजची नळी गरम एक्झॉस्टपासून दूर बांधा.

दाब पडला तरी लगेच पंप मागवू नका. इंजिन चालू असताना पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बहुतेक जुन्या गाड्यांत ते बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर दोष रिले, अर्थिंग किंवा वायरिंगमध्ये आहे. ते नीट असेल तर फिल्टर, आणि मगच पंप.

पेट्रोल पुरतंय, मिश्रण ठीक, तरी दम नाही? इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा हळूहळू खाली येत राहिला तर एक्झॉस्ट तुंबलाय, बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, त्याच चढावर त्याच गिअरमध्ये गाडी न्या आणि ट्रिम पुन्हा वाचा.