‘दक्षिण’ म्हणजे कुणाची?

दिशादर्शक फलकांचं पहिलं काम मिळालं तेव्हा ते मला निव्वळ डिझाइनचं वाटलं होतं. नकाशा काढायचा, क्यूआर टाकायचा, फाइल प्रिंटिंगला द्यायची. स्कॅन केलं की पुढचा रस्ता फोनवर दिसणार, त्यामुळे फलकावर फार काही कोंबायचंही नव्हतं.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरचा फलक दोन्ही बाजूंनी वाचायचा होता. अशा नकाशात उत्तर वर नसते; वाचणाऱ्याच्या समोर जे असेल ते वर येतं. लंडनमध्ये २००७ पासून लागत गेलेले ‘लेजिबल लंडन’चे फलक याच पद्धतीचे. दरवाजाकडे तोंड करून उभ्या माणसाला मंडई वर दिसायला हवी आणि कसबा गणपती डावीकडे. वाड्याकडे पाठ असेल तर कसबा उजवीकडे. म्हणजे नकाशे दोन. फायलींना मी नावं दिली ‘दक्षिण’ आणि ‘उत्तर’. माझ्या डोक्यात वाचणाऱ्याचं तोंड होतं. फिटिंगवाल्याने पॅनलचं तोंड धरलं, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पॅनलची अदलाबदल झाली.

लांबून फलक झकास दिसत होता. दुसऱ्या दिवशी मी फोटो काढायला गेलो, तर एक काका नकाशा नीट वाचून, मान डोलावून, थेट उलट दिशेला चालू लागले. ‘‘काका, कसबा गणपती ना? इकडे, इकडे!’’ करत मी मागे धावलो. तेव्हापासून पॅनलच्या पाठीवर मार्करने ठळक लिहितो: ‘वाचणाऱ्याचं तोंड वाड्याकडे’. फिटिंगवाला होकायंत्र घेऊन येत नाही.

क्यूआरची गंमत वेगळीच. शेजारच्या चहावाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘पैसे कुणाच्या खात्यात जातात?’’ आपल्याकडे क्यूआर म्हणजे पेमेंट, त्याचं बरोबरच होतं. आता वर मोठ्या अक्षरांत लिहितो: ‘पुढचा रस्ता बघा. पैसे लागत नाहीत.’ कोडमधला वेबपत्ता लांबलचक असला की कोडमधले ठिपके बारीक होतात आणि स्कॅन रखडतं, म्हणून छोटा पत्ता घ्या. तो आपल्या ताब्यातला, हवा तिकडे वळवता येणारा असावा. उद्या वेबपान बदललं तर फलक बदलायला लागू नये. कोडची रुंदी अंतराच्या साधारण एक दशांश धरा, म्हणजे दीड मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर १५ सेंटिमीटर. भोवती चार ठिपक्यांइतकी पांढरी जागा सोडा. क्लायंट हमखास म्हणतो, तिथे लोगो बसेल. बसवू नका.

मटेरियलमध्ये फ्लेक्सचा मोह टाळा. एसीपी शीटवर (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेला बोर्ड) छापील व्हिनाइल स्टिकर आणि वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसीवर दुपारी नकाशाऐवजी आभाळ दिसतं. उन्हात पिवळा आणि मजेंटा आधी उडतात, आणि छपाईतला लाल रंग या दोघांचाच बनलेला असतो. म्हणजे ‘तुम्ही इथे आहात’चा लाल ठिपकाच सगळ्यात आधी फिका पडणार. मी त्याला जाड काळं कडं देतो.

फाँटकडे बारकाईने बघा. ‘शनिवारवाडा’ आणि ‘लाल महाल’ यांतले श आणि ल हिंदी वळणाचे आले की पुण्यातला माणूस रस्ता विसरून अक्षरंच बघत बसतो. बऱ्याच फाँटमध्ये सॉफ्टवेअरमधली भाषा मराठी केली की आपली वळणं येतात. प्रूफ तपासून झालं की मगच कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं रूपांतर नुसत्या आकारांत करा. कर्व्ह झाल्यावर काना दुरुस्त करत बसणं म्हणजे शिक्षा.

चालायची मिनिटं मॅपवरून उचलू नका. मी गुढघे दुखणाऱ्या आईला घेऊन तुळशीबागेपर्यंत चाललो आणि सगळे आकडे बदलले. ती वाटेत दोनदा खरेदीला थांबली, ते धरलं नाही.

आणि कोटेशनमध्ये फिटिंगच्या दिवशी हजर राहण्याचे पैसे वेगळे लावा. पहिल्या कामात मी ते लावले नव्हते, म्हणून गेलोही नव्हतो. पॅनल उतरवून पुन्हा लावायचा खर्च माझ्याच बिलातून गेला.