महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा जुना हंगाम वहीत कसा मांडावा

अमेरिकन फुटबॉलचा एखादा जुना महाविद्यालयीन हंगाम नाशिकमध्ये बसून समजून घ्यायचा असेल, तर अंतिम सामन्याची चित्रफीत सर्वांत आधी पाहण्याचा मोह आवरावा. शेवट ठाऊक झाला की आधीचे सामने नुसती पायरी वाटू लागतात आणि संघ घडला कसा, हे कळतच नाही. सामने ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने वहीत उतरवावेत. नमुन्यादाखल मी टेक्सास विद्यापीठाच्या लाँगहॉर्न्स संघाचा २००५ चा हंगाम घेतो, कारण त्यातले आकडे बोलके आहेत.

वही जमाखर्चाची घ्यावी. मेन रोडवर मिळते तशी लाल पुठ्ठ्याची, लांबट वही या कामाला सर्वांत सोयीची पडते, कारण समोरासमोरच्या दोन पानांवर एक सामना बसतो: डावीकडे आपल्या संघाचे गुण, उजवीकडे प्रतिस्पर्ध्याचे. वर तारीख, मैदान आणि त्या दिवशीचे दोन्ही संघांचे मानांकन लिहावे. समास भरपूर रुंद सोडावा.

तारखेबाबत सावध राहावे. ओहायो स्टेटविरुद्धचा सामना १० सप्टेंबर २००५ च्या रात्री कोलंबस येथे सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे ११ तारखेची पहाट होती. मी पहिल्या वहीत काही सामने तिथल्या तारखेने आणि काही इथल्या तारखेने लिहून ठेवले होते, आणि पुढे क्रम लावताना सगळा गोंधळ निस्तरण्यात एक अख्खा रविवार गेला. तेव्हा तारीख नेहमी मैदानावरचीच लिहावी. हंगामाच्या नावाचेही तसेच आहे. रणजी हंगाम आपण २००५-०६ असा लिहितो, तिथे मात्र जानेवारी २००६ मधला सामनाही २००५ च्याच हंगामात मोडतो.

यानंतर सामन्यांची प्रतवारी लावावी. टेक्सासने एकूण १३ सामने खेळले. त्यांतले तीन स्वतःच्या गटाबाहेरचे, आठ ‘बिग ट्वेल्व्ह’ या गटातले, एक गटाच्या अजिंक्यपदाचा आणि शेवटचा रोझ बाउल, म्हणजे त्या हंगामातला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. सर्व जिंकल्यामुळे नोंद १३-० अशी दिसते. पण लुइझियाना-लाफायेतविरुद्धचा ६०-३ आणि ओहायो स्टेटविरुद्धचा २५-२२ हे दोन विजय एकाच मापाने मोजणे म्हणजे टेनिस बॉलच्या स्पर्धेतले शतक आणि अनंत कान्हेरे मैदानावर रणजीत काढलेले शतक यांना सारखेच मानणे होय. म्हणून दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांची पाने दोन ओळींत उरकावीत आणि वेळ अवघड सामन्यांना द्यावा.

अवघड सामन्याचे पान भरताना धावफलकावरचा आकडा फोडून लिहावा. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्याचे, ६ गुण, त्यानंतरच्या लाथेचा १ किंवा पुन्हा डाव टाकून मिळवलेले २, फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून धाडल्याचे, ३ आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात पाडले तर सेफ्टीचे २. ओहायो स्टेटचे २२ गुण फोडले की एक टचडाउन आणि तब्बल पाच फील्ड गोल निघतात. याचा अर्थ तो संघ पाच वेळा लाथेच्या टप्प्यात येऊनही रेषेपर्यंत पोहोचू शकला नाही. टेक्सासच्या २५ मध्ये तीन फील्ड गोल, दोन टचडाउन आणि अखेरची एक सेफ्टी आहे. माझ्या मते पूर्ण चित्रफितीइतकेच हे गणित शिकवते.

खेळाची चाल कळण्यासाठी ‘डाउन’, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एकेक प्रयत्न, समजणे आवश्यक आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे ९.१४ मीटर, पुढे सरकायचे असते. कबड्डीच्या मैदानाची रुंदी १० मीटर असते, त्याहून हे अंतर थोडे कमी. चौथा प्रयत्न म्हणजे कबड्डीतली ‘करो या मरो’ चढाईच समजावी, फरक इतकाच की इथे चेंडू लाथेने दूर धाडून माघार घेण्याची मुभा असते. म्हणूनच चौथ्या प्रयत्नात जो संघ लाथ मारत नाही, त्याची नोंद लाल शाईने करावी.

मध्यंतराचे गुण वेगळे लिहिण्याची सवय ओक्लाहोमा स्टेटच्या पानाने मला लावली. टेक्सास तेव्हा १२-२८ असा मागे होता आणि सामना ४७-२८ असा जिंकला. उत्तरार्ध ३५-० झाला, हे नुसत्या अंतिम आकड्यावरून कधीच उमगले नसते. कोलोराडोशी गाठ दोनदा पडली, आधी ४२-१७ आणि मग गटाच्या अजिंक्यपदासाठी ७०-३. ही दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत.

आता रोझ बाउल. ४ जानेवारी २००६ च्या संध्याकाळी पॅसाडेना येथे हा सामना सुरू झाला, तेव्हा नाशिकमध्ये ५ तारखेची सकाळ होती. समोर सलग ३४ सामने जिंकून आलेला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ होता. मध्यंतराला टेक्सासचे १६ गुण होते: ३, ६ आणि ७. मधला ६ खटकायला हवा. तिथे जादा गुणाची लाथ हुकली होती आणि त्याच टचडाउनच्या आधी क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारा खेळाडू, विन्स यंग याचा गुडघा जमिनीला टेकलेला चित्रफितीत दिसतो, तरी पंचांनी खेळ चालूच ठेवला. चौथ्या सत्रात टेक्सास २६-३८ असा मागे पडला. पुढे दोन चौथे प्रयत्न निर्णायक ठरले. दोन यार्ड हवे असताना सदर्न कॅलिफोर्नियाला टेक्सासने रोखले, आणि पाच यार्ड हवे असताना यंग स्वतः धावत पट्ट्यात शिरला, तेव्हा १९ सेकंद उरले होते. अंतिम गुण ४१-३८.

शेवटी १३ सामन्यांचे गुण बेरीज करून पाहावेत. टेक्सासचे ६५२ यायला हवेत, म्हणजे दर सामन्याला ५० हून किंचित जास्त. बेरीज जमली नाही, तर कुठले तरी पान चुकले आहे.

रुंद समासाचा उपयोग यानंतर होतो. सदर्न कॅलिफोर्नियाचे त्या हंगामातले विजय २०१० मधील शिक्षेनंतर अधिकृत नोंदीतून वगळण्यात आले, तर त्यांच्या रेजी बुशने त्याच वर्षी सोडलेला हाइझमन करंडक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, २०२४ मध्ये त्याला पुन्हा देण्यात आला. मूळ आकडे खोडू नयेत. असे निर्णय वर्षासह समासात, वेगळ्या शाईने लिहावेत.