टर्बो रिबिल्ड: थ्रस्ट बेअरिंग आणि नटपाशी घाई नको

टर्बोतून, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या यंत्रातून, तेल आलं की ‘सील गेलं, किट (बेअरिंग-रिंगांचा नवा संच) टाका’ हा सल्ला इंदुरात कुठल्याही गॅरेजवर मिळतो. त्यावर लगेच खर्च करू नका. बहुतेक टर्बोंत रबरी सील नसतंच. शाफ्टवर (मधल्या दांड्यावर) पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात आणि आत आलेलं तेल स्वतःच्या वजनानं खाली निघून जावं लागतं. ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल, इंजिनात ब्लो-बाय (पिस्टनजवळून खाली गळणारा वायू) असेल किंवा ड्रेन पाइप (टर्बोतलं तेल परत नेणारा) चेपला असेल, तर नव्या किटमधूनही तेल येणारच. हे आधी तपासा.

खोलण्यापूर्वी दोन्ही हाउसिंग (बाहेरची कवचं), कंप्रेसर व्हील (हवा दाबणारं चाक), शाफ्टचं टोक आणि नट यांवर एका रेषेत खुणा करा. नटाचे आटे बऱ्याच टर्बोंत उलटे असतात.

साफसफाईत बेअरिंग हाउसिंगला (शाफ्ट धरणाऱ्या मधल्या भागाला) सँडब्लास्टिंग अजिबात नको. तेलाच्या बारीक वाटेत अडकलेला एक कण नवीन बेअरिंग संपवतो. कार्बन केमिकलमध्ये भिजवून काढा, मग प्रत्येक भोकातून हवा मारा.

आता खरी कसोटी. थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) एकाच बाजूनं बसतं, आणि त्याचं तेलाचं भोक हाउसिंगच्या भोकासमोरच यायला हवं. उलटं लावलं तरी वरून सगळं ठीक दिसतं, पण तेल न मिळाल्यानं ते थोड्याच वेळात जळतं. म्हणून बसवल्यावर तेलाच्या तोंडातून टॉर्च मारून भोक जुळलंय का ते बघा. शाफ्ट आत घालताना रिंगेला तेल लावा, टोकं जवळ आणा आणि शाफ्ट फिरवत हलकेच ढकला. अडली तर बाहेर काढा. हातोडी मारलीत की रिंग तुटलीच.

नट आवळताना टर्बाइनच्या (धुरानं फिरणाऱ्या चाकाच्या) नाकाला सॉकेट लावून तो व्हाइसमध्ये धरा आणि कंप्रेसरकडे टी-हँडल वापरा. लांब पान्यानं एका बाजूला जोर पडला तर शाफ्ट वाकतो, आणि हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. टॉर्क त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच. खुणा पुन्हा एका रेषेत आल्या पाहिजेत.

मग डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ओढा. बहुतेक लहान टर्बोंत हा प्ले (मोकळी हालचाल) ०.०३ ते ०.१० मि.मी. असतो. आडवा प्ले हाताला थोडा जाणवतो, कारण जर्नल बेअरिंग (शाफ्टभोवतीचं) तेलावर तरंगतं. व्हील हाउसिंगला घासत नसेल तर घाबरू नका.

खुणा जुळल्या म्हणून बॅलन्सिंग टाळता येत नाही. व्हील किंवा शाफ्ट बदलला असेल तर पूर्ण कार्ट्रिज (हाउसिंगांमधला शाफ्ट-बेअरिंग-व्हीलचा जोडलेला भाग) हायस्पीड मशीनवर बॅलन्स करून घ्या आणि त्याचा ग्राफ मागा. ग्राफ न देणाऱ्याकडे काम देऊ नका.

फीड पाइप (टर्बोला तेल आणणारा) आणि बँजो बोल्ट (तो जोडणारा पोकळ बोल्ट) नवीनच. तेलाच्या जोडांना सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे आत जातात. ड्रेन सरळ खाली उतरू द्या.

फिटिंगनंतर फीडमध्ये स्वच्छ तेल ओता, व्हील हातानं फिरवा. इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत १०-१० सेकंद क्रँक करा (स्टार्टरनं इंजिन फिरवा). मग स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं आयडल, रेस नाही. इंदुराजवळचा मानपूर घाट बूस्टवर (टर्बोच्या जोरावर) चढून आल्यावर लगेच गाडी बंद करू नका. एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या.