इन्सुलिन पंपाचा सेट बदलताना

स्वयंचलित इन्सुलिन पंप सेन्सरकडून साधारण दर ५ मिनिटांनी साखरेची नोंद घेऊन मात्रा कमी-जास्त करतो. परंतु त्वचेखालील मऊ कॅन्युला (इन्सुलिन शरीरात सोडणारी बारीक नळी) वाकली, तर हा सारा हिशेब व्यर्थ जातो. म्हणूनच दर २-३ दिवसांनी सेट (पंपाची नळी आणि कॅन्युला) बदलण्याचे काम घाईने उरकू नये, आणि शक्यतो झोपण्यापूर्वी करू नये.

फ्रिजमधील इन्सुलिन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, अन्यथा नळीत हवेचे बुडबुडे धरतात. हात धुऊन, बेंबीपासून सुमारे ५ सेंमी आणि मागील जागेपासून किमान २.५ सेंमी दूर, गाठ नसलेली जागा निवडावी. ती स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. नळी भरताना ती शरीराला जोडलेली असता कामा नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्या वेळी सुटणारे इन्सुलिन शरीरात गेल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. टोकाशी थेंब दिसल्यावरच सेट बसवावा.

एक-दोन तासांनी साखर तपासावी. ती २५० मिलिग्रॅमच्या वर जाऊन पंपाच्या डोसनेही उतरत नसेल, तर कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासावेत, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस इन्सुलिन पेनने घ्यावा आणि नवा सेट बसवावा. पंपात केवळ जलद इन्सुलिन असल्याने पुरवठा तुटल्यावर काही तासांतच कीटोॲसिडोसिस (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याचा जीवघेणा विकार) होऊ शकतो. उलट्या किंवा धाप सुरू झाल्यास थेट रुग्णालय गाठावे. पेनने घेतलेला डोस पंपाला आपोआप कळत नाही, त्यामुळे स्वयंचलित पद्धत किती वेळ थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.