एनएफएलचा मॉक ड्राफ्ट कसा करायचा, नवस न बोलता

मार्च संपत आला की जो उठतो तो मॉक ड्राफ्ट टाकतो, म्हणजे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टला कुठली टीम कॉलेजमधला कुठला खेळाडू घेणार याचा अंदाज. बहुतेकांत एकच प्रकार असतो, आपल्याला जो खेळाडू आवडतो तो आपल्या नंबरपर्यंत अलगद घरंगळत येतो, दुसऱ्या राउंडला त्याच्याहून भारी कुणीतरी सापडतो, आणि सातव्या राउंडला एक क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा म्होरक्या), जो पुढचा टॉम ब्रेडी (उशिरा निवडला गेलेला महान क्वार्टरबॅक) वगैरे. याला अंदाज म्हणत नाहीत, हा नवस आहे. मी ग्रीन बे पॅकर्सवाला, त्यामुळे उदाहरणं सगळी तिकडची देतोय, पण पद्धत कुठल्याही टीमला चालते. ड्राफ्ट म्हणजे काय, सात राउंड, 32 टीम, हरलेला आधी निवडणार, हे माहीत आहे असं धरून चालतो.

१. आधी तुमच्याकडे पिक (निवडीचे नंबर) आहेत का ते बघा

हसू नका. पॅकर्सने ऑगस्ट 2025 मध्ये डिफेन्सचा स्टार मायका पार्सन्ससाठी डॅलस काउबॉइजला आपला खेळाडू केनी क्लार्क दिला आणि वर 2026 आणि 2027 असे दोन्ही पहिले राउंड दिले. तरी त्यानंतर कितीतरी लोकांनी पॅकर्सच्या नावावर पहिल्या राउंडचा खेळाडू लिहिला. ट्रेडमध्ये गेलेले काढा, आलेले टाका, तिसऱ्या ते सातव्या राउंडच्या शेवटी मिळणारे कॉम्प पिक (करार संपून सोडून गेलेल्या खेळाडूंच्या भरपाईचे जादा नंबर) मोजा. ते एका टीमला जास्तीत जास्त चार मिळतात. मार्चमध्ये लीग यादी जाहीर करते, त्याआधी केलेल्या मॉकचे आकडे हमखास चुकतात.

२. गरज ठरवणे (सगळा खेळ इथेच आहे)

या पायरीवर मी बरीच वर्षं अडकलो होतो, कारण जो सल्ला मिळायचा तो असा की सीझनमध्ये टीम कुठे मार खात होती ते बघा, ती जागा पहिल्या राउंडला भरा. ऐकायला बरोबर वाटतं. पण पॅकर्सच्या बाबतीत हा सल्ला पुन्हा पुन्हा तोंडावर आपटतो.

2020 घ्या. जानेवारीत 49अर्सकडून एनएफसी फायनलमध्ये (सुपर बोलच्या आधीची मॅच) मार खाल्लेला, क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सला डाव्हान्ते अ‍ॅडम्स सोडला तर धड रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) नाही, आणि त्या वर्षी कॉलेजमधून रिसीव्हर तर पोत्याने येत होते. सगळ्यांच्या कागदावर रिसीव्हर. पॅकर्सने 30 वरून 26 वर उडी मारून क्वार्टरबॅक घेतला, जॉर्डन लव्ह. आणि नुसतं तेवढंच नाही, त्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये सातही राउंडांत एकही रिसीव्हर घेतला नाही! 2022 ला अ‍ॅडम्स रेडर्सकडे गेला, बदल्यात 22 आणि 53 नंबर आले, आता तरी 22 ला रिसीव्हर येणारच असं लोक शपथेवर सांगत होते. आला डिफेन्सचा लाइनबॅकर, क्वे वॉकर. मग 28 ला डिफेन्सिव्ह लाइनचा डेव्हॉन्ट वायट. रिसीव्हर आला तो 34 ला, ख्रिश्चन वॉटसन.

लोक म्हणतात पॅकर्स विचित्र आहेत. विचित्र काही नाहीत, आपण चुकीच्या सीझनचं भोक बघतोय. आज जे भोक दिसतंय ते टीम मार्चमध्ये फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) पैसे टाकून बुजवते, तयार माणूस आणते. ड्राफ्टमधला पोरगा असतो एकवीस-बावीस वर्षांचा, पहिल्या वर्षी तो बाकावर बसला तरी चालतं, त्याला आणलेलं असतं पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या सीझनसाठी. रॉजर्स 2020 ला 36 वर्षांचा होता, हिशोब तिथे होता. लव्ह तीन सीझन थांबला आणि 2023 ला रॉजर्स जेट्सकडे गेल्यावर गादीवर बसला. आणि 2005 ला स्वतः रॉजर्स 24 नंबरला आला तेव्हा आधीचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व अजून खेळतच होता.

म्हणून सीझनचे हायलाइट्स बंद करा आणि करार उघडा. माझा नियम सोपा आहे, ड्राफ्टच्या वर्षातून तीन वजा करा आणि त्या वर्षीची बॅच काढा. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या बॅचचं आता शेवटचं वर्ष चालू होणार असतं, आणि त्यातल्या सगळ्यांना मोठा पगार देणं कुठल्याच टीमला परवडत नाही. (पहिल्या राउंडवाल्यांचं एक पाचवं वर्ष टीमच्या हातात असतं, तेवढं लक्षात ठेवा.)

2025 वर लावून बघा. 2025 वजा तीन, 2022. त्या बॅचमध्ये रिसीव्हर वॉटसन आणि रोमिओ डब्स, दोघांचं शेवटचं वर्ष, शिवाय वॉटसनचा गुडघा जानेवारीत गेलेला. लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला राखणारा) रशीद वॉकर, तोही 2022 चाच, सातव्या राउंडचा. आता त्या ड्राफ्टमध्ये पॅकर्सने काय केलं? 23 ला रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन, 54 ला टॅकल अँथनी बेल्टन, 87 ला परत रिसीव्हर सॅव्हियन विल्यम्स. बेल्टनचं नाव आल्यावर निम्मे फॅन डोकं धरून बसले होते, टॅकल कशाला, आहे की आपल्याकडे. आहे, पण किती दिवस?

खेळाडूचं नाव बरोबर येणं नशिबाचा भाग आहे. पण पोझिशन बरोबर यायलाच पाहिजे, आणि ती करारांच्या यादीतून येते, पॉडकास्टवरच्या आरडाओरड्यातून नाही.

आणि एक, तो "बेस्ट प्लेयर अव्हेलेबल घ्या" सल्ला, म्हणजे गरज न बघता उरलेल्यांतला सर्वांत चांगला उचला. जीएमसाठी (टीमचा जनरल मॅनेजर) उत्तम, त्याच्यासमोर स्वतःच्या स्काउट्सनी वर्षभर राबून केलेली यादी असते. तुमच्यासमोर आहे कुठल्यातरी साइटची यादी. त्या यादीतला वरचा माणूस उचलायचा आणि टीम हेच करणार म्हणायचं, यात टीम कुठे आली?

३. जीएमच्या सवयी लिहून काढा

पॅकर्सचा जीएम ब्रायन गुटेकुन्स्ट 2018 पासून बसलाय, त्याची खोड समजायला भरपूर माल आहे. पॅकर्सने 2012 ते 2023 पहिल्या राउंडला लव्ह सोडून एकजात डिफेन्सवाले घेतले. पहिल्या राउंडचा रिसीव्हर 2002 च्या जेव्हॉन वॉकरनंतर थेट 2025 ला. पण दुसऱ्या राउंडला रिसीव्हर घ्यायची खानदानी सवय: जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, कॉब, अ‍ॅडम्स, वॉटसन, रीड, सगळे दुसऱ्या राउंडचे. आता पहिला राउंडच नसताना ही सवय किती महत्त्वाची झाली बघा.

शरीराच्या बाबतीतही ठरलेलं आहे. बुटका कॉर्नर (रिसीव्हरला रोखणारा) शक्यतो नाही. तरुण आणि उड्या मारणारा पोरगा आवडतो, कॉलेजमध्ये आकडे नसले तरी चालतात. 2023 चा 13 नंबर, लुकास व्हॅन नेस, आयोवाकडून एकाही मॅचला स्टार्टर नव्हता. वायट मात्र 24 वर्षांचा असताना घेतला, तेव्हा वयाला नियम मानू नका, फक्त कल माना.

तुमच्या टीमचा जीएम नवा असेल तर तो आधी ज्या टीममध्ये होता तिथले ड्राफ्ट बघा.

४. तुमच्या आधीचे नंबर

पूर्ण 31 टीमचा अभ्यास करायची गरज नाही, तुमच्या आधीचे आठ-दहा पुरे. फक्त क्वार्टरबॅक किती जाणार ते नीट मोजा, कारण प्रत्येक क्वार्टरबॅक वर गेला की दुसरा एक चांगला खेळाडू खाली सरकतो. 2024 ला पहिल्या 12 मध्ये सहा क्वार्टरबॅक गेले, पहिले 14 नंबर सगळे ऑफेन्स, पहिला डिफेन्सवाला 15 ला. मागे बसलेल्या डिफेन्सवाल्या टीमची चंगळ. त्या सहा क्वार्टरबॅकांतला एक मायकल पेनिक्स, अटलांटाने 8 ला घेतला, आदल्याच महिन्यात दुसरा क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला 180 मिलियन डॉलरचा करार देऊन! आणि उलटंही होतं, 2025 ला क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स कित्येकांच्या पहिल्या राउंडात होता, गेला 144 ला.

सिम्युलेटर (मॉक ड्राफ्ट खेळवणारी साइट) वापरा, पण हात मोकळे होण्यापुरता. तो तुम्हाला चौथ्या राउंडला जे देतो ते प्रत्यक्षात दुसऱ्याला उडालेलं असतं.

५. ट्रेड

एकच ठेवा. कोच जिमी जॉन्सनच्या डॅलसपासून जो पॉइंटचा तक्ता चालत आलाय (पहिला नंबर 3000, सोळावा 1000, बत्तिसावा 590) तो समोर ठेवा आणि दोन्ही बाजू साधारण जुळवा. लव्हच्या वेळी पॅकर्सने 30 आणि 136 दिले, 620 अधिक 38, मिळाला 700 चा 26 नंबर, म्हणजे थोडं स्वस्तात. वॉटसनच्या वेळी 53 आणि 59 देऊन 34 घेतला, 680 देऊन 560, तेही कट्टर वैरी व्हायकिंग्जकडून. तक्ता म्हणजे कायदा नाही, पण तुमच्या मॉकमध्ये समोरची टीम 300 पॉइंट घाटा खात असेल तर तो ट्रेड खोडा. समोरच्या जीएमलाही नोकरी टिकवायची असते.

६. बातम्या

कंबाइननंतर (ड्राफ्टआधीची कॉलेजच्या खेळाडूंची चाचणी) अफवा सुरू होतात. प्रत्येक टीमला 30 खेळाडू भेटीला बोलावता येतात, तो बोलावला म्हणजे घेणारच असं नसतं, कधी फक्त जुनं दुखणं तपासायचं असतं. 2021 ला 49अर्स 3 नंबरवर आले तेव्हा आठवडेच्या आठवडे क्वार्टरबॅक मॅक जोन्सचं नाव चाललं होतं, घेतला ट्रे लान्स. शेवटच्या आठवड्यातली बातमी वाचून पोझिशन बदलू नका, फार तर नाव बदला.

७. चार ते सात राउंड

पोझिशन लिहा, नावं गंमत म्हणून.

८. कुलूप आणि मार्क

गुरुवारी ड्राफ्ट सुरू व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका (भारतात तेव्हा शुक्रवारची पहाट असते, साडेपाच), नंतर हात लावायचा नाही. मार्क असे द्या: पोझिशन आणि राउंड दोन्ही जुळले तर दोन, नुसती पोझिशन कुठेही जुळली तर एक, नाव जुळलं तर पाच. नाव फार क्वचित जुळतं, जुळलं की वर्षभर मिरवा.

माझा 2027 चा कागद आत्ताच अर्धा भरलाय. वजा तीन म्हणजे 2024 ची बॅच, त्यात सेफ्टी (डिफेन्सची शेवटची फळी) जेव्हॉन बुलार्ड आणि एव्हान विल्यम्स, शिवाय लाइनबॅकर एजरिन कूपर. आणि फ्री एजन्सीत मार्च 2024 ला चार वर्षांसाठी आणलेला झेव्हियर मॅकिनी, तोही सेफ्टीच. तीन सेफ्टी, तिघांचे मूळ करार एकाच सीझनला संपणारे. दोघांना वाढवून दिलं तर खोडेन, नाहीतर दुसरा किंवा तिसरा राउंड, सेफ्टी. पेनने लिहिलंय.